पाच अंशांची एक ओळ आणि कन्हानच्या तळावरचे शेवाळ: प्रदूषण नियंत्रण मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रादेशिक अधिकारी,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ,
नागपूर

विषय: कारखान्यांतून सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची मर्यादा आणि नदीतळावरच्या शेवाळाची तपासणी

महोदय,

नद्या-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्याच्या तापमानासाठी आपल्याकडे एकच सर्वसाधारण नियम आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत तो एका ओळीत मावतो: ज्या पाण्यात सांडपाणी मिसळणार, त्या पाण्याच्या तापमानापेक्षा ते ५ अंश सेल्सिअसहून अधिक गरम नसावे. हे पत्र त्या एका ओळीविषयी आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात ही ओळ नदीच्या तळावरच्या शेवाळाचे रक्षण करू शकत नाही. ती आपल्या भागापुरती कडक करण्याचा अधिकार कायद्याने मंडळाला दिलेला आहे, आणि तो वापरावा अशी माझी मागणी आहे. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि कामठीच्या बाजूला राहते, म्हणून कन्हान, कोलार, पेंच या नद्या माझ्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत.

आधी साधी बेरीज करू. जानेवारीत सकाळी नदीचे पाणी २० अंशांच्या आसपास आहे असे धरा. त्यात ५ मिळवले की २५ होतात. नदीचे फारसे काही बिघडत नाही. आता नवतपा घ्या. हवा ४५ अंशांवर, प्रवाह क्षीण, रेतीच्या पट्ट्यांमधून गुडघाभर पाणी वाहते आहे आणि दिवसभर तापते आहे. दुपारी ते पाणी सहज तिशी ओलांडते. ३२ धरा. त्यात ५ मिळवले की ३७. दोन्ही वेळी नियम पाळला गेला, दोन्ही वेळी नमुन्याच्या अहवालात ‘मर्यादेत’ असेच लिहिले जाईल. पण २५ आणि ३७ या दोन आकड्यांमध्ये तळावरची सगळी वस्ती बदलून जाते.

ती वस्ती कोणाची, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उथळ पाण्यातल्या गोट्यांवर पाय ठेवला की तो सरकतो. गोट्यावरचा तो पातळ, तपकिरी, बुळबुळीत थर म्हणजे घाण नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा एक थेंब ठेवला तर डायटम दिसतात: एकपेशीय शैवाल, ज्यांच्याभोवती सिलिकाचे, डब्यासारखे दोन भागांचे कवच असते आणि त्या कवचावर इतकी रेखीव नक्षी असते की जाती त्या नक्षीवरूनच ओळखतात. कोकोनीस दगडाला चपटे चिकटून राहते, त्यामुळे प्रवाह त्याला सहसा उखडू शकत नाही. गोम्फोनेमा स्वतः तयार केलेल्या चिकट देठावर उभे राहते. नॅव्हिक्युला आणि निट्झिया गाळाच्या पृष्ठभागावर सरकत फिरतात, प्रकाश मिळेल तिकडे जातात. एका नखाएवढ्या जागेत हे सगळे थर एकमेकांवर नांदत असतात, आणि त्यांच्या मधूनमधून हिरव्या शैवालाचे तंतू आणि थोडे नील-हरित शैवालही असते. नील-हरित शैवाल म्हणजे खरे तर जिवाणूच, पण प्रकाशावर अन्न तयार करणारे.

डायटमचे नदीला असलेले मोल त्यांच्या पेशीतल्या मेदात आहे. ओमेगा-३ गटातली लांब साखळीची मेदाम्ले ते स्वतः बनवतात. पाण्यातल्या किडींची पिल्ले, गोगलगायी, दगड खरवडून खाणारे लहान मासे यांना ती मेदाम्ले हवी असतात आणि स्वतःच्या शरीरात ती पुरेशी तयार करता येत नाहीत. नील-हरित शैवालात ती फारशी नसतात, स्टेरॉल जवळजवळ नसतातच, आणि त्याचे तंतू खायलाही अवघड. म्हणजे दगडावर काय उगवते यावर त्या टप्प्यात कोणता मासा वाढेल हे ठरते. कन्हानकाठच्या आणि पुढे वैनगंगेवरच्या ढिवर बांधवांच्या जाळ्यात काय येणार याचा हिशेब या तपकिरी थरापासून सुरू होतो.

आता उष्णतेचे. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ जॉन केर्न्स यांनी १९५६ मध्ये मांडलेला क्रम आजही पाठ्यपुस्तकांत दिला जातो: साधारण २० ते ३० अंशांत डायटमचे वर्चस्व, ३० ते ३५ च्या पट्ट्यात हिरव्या शैवालाचे, आणि ३५ च्या वर नील-हरित शैवालाचे. सीमा अगदी काटेकोर नाहीत. जातीगणिक थोडा फरक पडतो, पाण्यातल्या पोषकद्रव्यांनी पडतो, प्रकाशानेही पडतो. रूथ पॅट्रिक या डायटमतज्ज्ञ विदुषीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की ओढ्यात डायटम राहणार की नील-हरित शैवाल, हे तापमानाबरोबर मँगॅनीजच्या प्रमाणावरही ठरते. तरीही दिशा एकच आहे. पाणी तापत गेले की डायटम मागे हटतात आणि नील-हरित शैवाल जागा घेते. कारण त्याची सहनशक्ती विलक्षण आहे. यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांमध्ये ते सुमारे ७३ अंशांपर्यंत जगते, तर बहुतेक डायटम चाळिशीच्या आसपासच हार मानतात. अमेरिकेत साउथ कॅरोलिनामध्ये सव्हाना नदीजवळच्या अणुभट्ट्यांचे पाणी अनेक वर्षे थेट ओढ्यांत सोडले जाई. त्या ओढ्यांत पाणी ५० अंशांच्या आसपास आणि त्याहून वर जाई, आणि तळावर उरली ती मुख्यतः नील-हरित शैवालाची गादी. आपल्याकडे एवढे टोक नाही. पण टोकाचे उदाहरण बदलाची दिशा स्वच्छ दाखवते.

यातली सर्वात फसवी गोष्ट अशी की गरम पाण्याने दगड उघडे पडत नाहीत. उलट जास्त हिरवे होतात. वस्तुमान वाढते आणि जाती घटतात. पुलावरून पाहणाऱ्याला वाटते, शेवाळ आहे म्हणजे नदी जिवंत आहे. मी स्वतः आमच्या भागातल्या एका नाल्याच्या मुखाशी हा फरक पाहिला आहे. त्या नाल्यात पाणी कोण सोडते त्याचे नाव घेणे हा या पत्राचा हेतू नाही. मुखाच्या वर गोट्यांवर तोच पातळ तपकिरी थर, आणि मुखाच्या खाली त्याच आकाराच्या गोट्यांवर जाड, चामड्यासारखी, काळपट हिरवी पापुद्री. तिच्या खाली वायूचे बुडबुडे अडकतात, दुपारी ती दगडावरून सुटते आणि तुकडे वर तरंगत जातात. एका नाल्याच्या निरीक्षणावरून मी सगळ्या नदीचा निष्कर्ष काढणार नाही. गरम पाण्याबरोबर त्या नाल्यातून आणखी काय येते हेही तिथे बसून कळत नाही. मंडळाने पद्धतशीर तपासावे असे म्हणण्याचे कारण तेच.

ते तरंगणारे तुकडे कुठे जातात याचाही विचार व्हावा. कन्हानचे पाणी नागपूरकर पितात. तळावर गादी करणाऱ्या ऑसिलॅटोरिया आणि फॉर्मिडियम या नील-हरित शैवालांच्या काही जाती जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, ज्याने पाण्याला मातकट वास येतो आणि तो साध्या शुद्धीकरणाने सहज जात नाही. काही जाती विषारी द्रव्येही तयार करतात. न्यूझीलंडमध्ये नदीकाठी वाहून आलेली फॉर्मिडियमची पापुद्री खाऊन कुत्री मेल्याच्या नोंदी आहेत, आणि तिथे उन्हाळ्यात लोकांना त्याबद्दल सावध केले जाते. कन्हानमध्ये असे घडले आहे असे मी म्हणत नाही. पण आपल्या गायी-म्हशी तिथेच पाणी पितात, आणि तळाकडे आपण पाहत नसू तर घडायच्या आधी कळणार कसे?

आणि प्राणवायू. २० अंशांच्या गोड्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना ६.९ च मावतो. त्याच वेळी उष्णतेने श्वसनाचा वेग वाढतो. दर १० अंशांना जवळजवळ दुप्पट. दिवसा शैवालाची जाड गादी प्राणवायू सोडते, म्हणून दुपारच्या नमुन्यात आकडा चांगला दिसतो. रात्री तीच गादी तो ओढून घेते. पहाटे चारला नमुना घ्यायला कोणी जात नाही, आणि मासे मरायची वेळ तीच.

आता वीजकेंद्रांविषयी, कारण गरम पाणी म्हटले की नागपुरात कोराडी, खापरखेडा आणि मौदा हीच नावे निघतात. कोळशाच्या केंद्रात जळणाऱ्या कोळशातली साधारण एक तृतीयांश ते चार दशांश ऊर्जाच वीज होते. उरलेल्यातला मोठा भाग कंडेन्सरच्या, म्हणजे वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राच्या, पाण्यातून उष्णता म्हणून बाहेर पडतो. ते पाणी थेट नदीत गेले असते तर हे पत्र फार वेगळे झाले असते. २२ डिसेंबर १९९८ च्या अधिसूचनेने नदी, तलाव वा जलाशयाचे पाणी वापरणाऱ्या नव्या औष्णिक केंद्रांना कूलिंग टॉवर सक्तीचे केले, आणि ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने जुन्या एकमार्गी पद्धतीच्या, म्हणजे पाणी एकदाच वापरून सोडून देणाऱ्या, केंद्रांनाही ते बसवायला सांगितले. हे योग्यच झाले, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. उष्णतेचा मोठा लोट त्यामुळे हवेत जातो.

पण कूलिंग टॉवर म्हणजे आपल्या घरातला कूलरच, तेच तत्त्व: पाणी उडून जाते आणि उरलेले थंड होते. नागपूरकराला कूलरचा स्वभाव सांगावा लागत नाही. मे महिन्यात कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. मृग लागून आभाळ भरून आले, दमट झाले आणि पाऊस मात्र पडत नाही, अशा दिवसांत तो नुसता फिरतो. टॉवरचेही तसेच होते. ज्या आठवड्यांत नदी सर्वात आटलेली असते आणि पाऊस लांबलेला असतो, त्याच आठवड्यांत टॉवरमधले पाणी नेहमीपेक्षा गरम राहते. क्षार साचू नयेत म्हणून त्या पाण्याचा काही भाग अधूनमधून बाहेर काढावा लागतो, त्याला ब्लोडाउन म्हणतात. तो टॉवरच्या थंड बाजूने काढला तर तापमान कमी राहते, गरम बाजूने काढला तर कंडेन्सरची सगळी उष्णता त्याच्याबरोबर येते. ही एक पाइप कुठे जोडायची एवढ्याची बाब आहे. संमतीपत्रात, म्हणजे मंडळ उद्योगाला देते त्या परवानगीत, ‘ब्लोडाउन थंड बाजूनेच’ अशी अट लिहायला मंडळाला कोणतीही नवी यंत्रणा लागणार नाही.

ब्लोडाउनबरोबर आणखी सोबती येतात. औष्णिक केंद्रांच्या मानकांत कूलिंग टॉवरच्या ब्लोडाउनसाठी मुक्त क्लोरीन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम, जस्त १, एकूण क्रोमियम ०.२ आणि फॉस्फेट ५ मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. क्लोरीन तर टॉवरमधले शेवाळ मारण्यासाठीच घालतात, तेव्हा ते नदीतल्या शेवाळाला ओळखून सोडून देईल असे नाही. आणि फॉस्फेट त्याच शेवाळाचे खत. एकाच पाइपातून मारणारे, पोसणारे आणि तापवणारे असे तिन्ही एकत्र बाहेर पडतात. प्रत्येकाची मर्यादा मात्र वेगवेगळ्या ओळीत, जणू ती कधी भेटतच नाहीत. नाग आणि पिवळी नद्यांतून येणारे शहराचे मलपाणी या सगळ्यात भर घालते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी दोन हजार कोटींच्या घरातला प्रकल्प मंजूर आहे. त्यात तळाच्या शेवाळाची तपासणी आली तर ते पैसे सत्कारणी लागले की नाही हे कळायला एक खात्रीचे साधन मिळेल.

मला मात्र मोठ्या केंद्रांपेक्षा लहान कारखान्यांची काळजी अधिक वाटते. कापड रंगवणारे, दूध आणि खाद्यपदार्थ प्रक्रिया करणारे, बॉयलर चालवणारे कितीतरी उद्योग बुटीबोरी, हिंगणा आणि आसपास आहेत. त्यांचे गरम पाणी घाण्याघाण्याने, टप्प्याटप्प्याने बाहेर पडते. अर्धा तास गरम, मग बराच वेळ काही नाही. मासा अशा वेळी सरकून दुसरीकडे जातो. दगडाला चिकटलेल्या कोकोनीसला कुठेच जाता येत नाही, तो प्रत्येक लोट अंगावर घेतो. बाटलीत नमुना भरणारा माणूस त्या अर्ध्या तासात तिथे असेल ही शक्यता किती? तळावरचा थर मात्र कित्येक आठवड्यांची सगळी ये-जा स्वतःत साठवून बसलेला असतो.

आणि इथेच त्या पाच अंशांच्या ओळीचा पाया सुटतो. ती ओळ गृहीत धरते की सांडपाणी मिसळायला एक नदी आहे. मे महिन्यात आपले नाले कोरडे असतात. कारखान्याच्या दारातून निघणारे पाणी त्या नाल्यात वाहते तेव्हा नाल्यात दुसरे पाणीच नसते. मग ‘मिसळणाऱ्या पाण्याचे तापमान’ कोणाचे मोजायचे? नाला म्हणजेच सांडपाणी. अशा ठिकाणी नियम मोडताच येत नाही, कारण तो लागूच होत नाही. खाली नदीला मिळेपर्यंत तेच पाणी उन्हात आणखी तापलेले असते.

माझ्या मागण्या तीन आहेत आणि त्या एकमेकींवर उभ्या आहेत. पहिली सर्वात महत्त्वाची: नागपूर जिल्ह्यातल्या नद्या-नाल्यांसाठी, निदान एप्रिल ते जूनपर्यंत, पाच अंशांच्या फरकाबरोबर एक कमाल आकडाही ठरवावा. सांडपाणी मिसळल्यानंतर खालच्या बाजूला नदीचे पाणी ३५ अंशांच्या वर जाऊ नये. कोरड्या नाल्यात सोडायचे असेल तर कारखान्याच्या दारातच हा आकडा लागू व्हावा. तो मी केर्न्स यांच्या क्रमातून घेतला आहे. आपल्या उष्ण प्रदेशातल्या जाती थोड्या अधिक सोसत असतील तर इथला अभ्यास करून तो बदलावा, पण तोवर काहीच आकडा नसण्यापेक्षा हा बरा. जलप्रदूषण कायदा, १९७४ च्या कलम १७ ने सांडपाण्याची मानके ठरवण्याचे आणि बदलण्याचे काम राज्य मंडळाला दिले आहे, आणि पर्यावरण (संरक्षण) नियमांतल्या नियम ३ नुसार विशिष्ट उद्योग वा ठिकाणासाठी, कारणे लेखी नोंदवून, अधिक कडक मानके लावता येतात. निर्णय मुंबईत होईल हे मला माहीत आहे. पण प्रस्ताव इथूनच निघाला पाहिजे, कारण ४५ अंशांचा मे महिना मुंबईत नसतो.

दुसरी मागणी, नदीच्या तळाशी तापमान नोंदवणारे छोटे स्वयंचलित उपकरण बसवावे: मुख्य विसर्गस्थळांच्या वर एक, खाली एक. ही उपकरणे दर पंधरा मिनिटांनी तापमान लिहून ठेवतात, मुठीत मावतात आणि महाग नसतात. त्यांचे आकडे लोकांना पाहता यावेत.

तिसरी मागणी शेवाळाच्या तपासणीची. केंद्रीय मंडळाची जैविक जलगुणवत्तेची पद्धत तळावरच्या लहान प्राण्यांवर आधारलेली आहे आणि ती चांगली आहे. तिला तळावरच्या शैवालाची जोड द्यावी. युरोपीय संघाने २००० सालच्या आपल्या जलविषयक आराखड्यात नदीची स्थिती ठरवताना तळावरच्या वनस्पतिसृष्टीचाही विचार बंधनकारक केला, आणि तिथल्या देशांनी डायटमवर आधारलेले निर्देशांक तयार केले. काम अवघड नाही. पाच-सहा गोटे घ्यायचे, ठरावीक क्षेत्रफळ ब्रशने घासायचे, नमुना लुगॉलच्या द्रावणात टिकवायचा, आम्लाने कवचे स्वच्छ करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तीन-चारशे कवचे मोजायची. जिथे दगड नसून नुसती रेती आहे तिथे काचपट्ट्यांची चौकट पाण्यात दोन ते चार आठवडे ठेवता येते. पॅट्रिक यांनी अशीच चौकट वापरली होती. विसर्गाच्या वर आणि खाली, हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. तुलनेसाठी जुनी नोंदही आपल्याकडे आहे: पी. टी. सरोदे आणि एन. डी. कामत यांनी महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमवर १९८४ मध्येच पुस्तक लिहून ठेवले आहे. या शहरात नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून आहे. विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे, जिल्हाभर विज्ञान महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या प्रयोगशाळांत सूक्ष्मदर्शक आहेत. माणसे आणि साधने इथेच आहेत. मंडळाने पद्धत ठरवून द्यावी, ठिकाणे ठरवून द्यावीत आणि आलेले निष्कर्ष संमतीपत्रे नूतनीकरणाच्या वेळी विचारात घ्यावेत.

उद्योग बंद करा असे मी कुठेच म्हटलेले नाही. गरम पाणी थंड करण्याचे उपाय जुने आणि माहितीतले आहेत: साठवण हौद, फवारे, उष्णता परत वापरणारी यंत्रणा. शेवटचा उपाय तर कारखान्याचे इंधनही वाचवतो. गरम पाणी सोडणे म्हणजे विकत घेतलेली उष्णता नाल्यात ओतणे, हे उद्योजकांना मंडळाने सांगितले तर पटेल असे मला वाटते.

पहिला नमुना येत्या हिवाळ्यात घेतला गेला तरच पुढच्या मे महिन्याशी तुलना करता येईल, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. कोलार, पेंच आणि कन्हान जिथे मिळतात त्या बिना गावच्या संगमाच्या वरची आणि खालची दोन ठिकाणे मंडळाने निवडून दिली तर तिथले गोटे घासून कवचे मोजण्याचे काम माझे विद्यार्थी आणि मी विनामोबदला करू. पद्धत मंडळाची असेल, आणि मोजलेल्या काचपट्ट्या फेरतपासणीसाठी मंडळाकडे जमा करू. दिवाळीपूर्वी उत्तर मिळाले तर साधनांची तयारी करायला वेळ मिळेल.

कळावे,

आपली विश्वासू,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका,
कामठी, जि. नागपूर